बोन्सायवर जाळी धरली: लालकोळी आहे की साधा कोळी? विषारी औषध न मारता काय करावं?

दारव्ह्याची_माती (१२ एप्रिल)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अंगणात आणि स्लॅबवर मिळून माझे बोन्साय आहेत: वड, पिंपळ, उंबर, चिंच, एक बोगनवेल आणि एक कुंती. वड सासऱ्यांनी पडक्या विहिरीच्या भिंतीतून काढून लावलेला आहे, म्हणून घरात त्याचा मान वेगळा.

होळीनंतर पिंपळाची आणि कुंतीची पानं फिकी पडून राहिली. वरच्या बाजूनं पानभर बारीक पांढुरके ठिपके दिसतात. कुंतीच्या शेंड्यांना इतकी बारीक जाळी धरली आहे की फांदी उन्हाकडे धरली तरच दिसते. वडाच्या पारंब्यांमध्ये मात्र चांगलं मोठं गोल जाळं आहे आणि त्यात एक कोळी बसलेला असतो. हे दोन्ही एकाच किडीचं काम आहे का?

घरचे म्हणतात, कपाशीचं औषध उरलेलं आहे, थोडंसं मारून दे. मला ते नको. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून फवाऱ्याचा पंप अंगणात येऊ द्यायचा नाही हे मी ठरवूनच टाकलं आहे. त्याच अंगणात लेकरं खेळतात, पिण्याचं पाणी तिथंच भरून ठेवलेलं असतं. दारात मोठा कडुनिंब आहे, गोठ्यात गाय आहे. यातून काही होत असेल तर सांगा. फोटो जोडले आहेत.

नवी_कुंडी (१२ एप्रिल)

ताई, पुसदला माझ्या बोगनवेलीवरही असंच झालं आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

वडाचीपारंबी (१२ एप्रिल, रात्री)

ताई, फोटो मोठे करून पाहिले. तुमच्याकडे दोन वेगवेगळे पाहुणे आहेत आणि दोघांशी वागायची रीत अगदी उलटी आहे.

वडाच्या पारंब्यांमधलं गोल जाळं साध्या कोळ्याचं. तो पानं खात नाही, रस पीत नाही. माश्या, डास, पंखवाला मावा, बारीक पतंग यांवर तो जगतो. त्याला हात लावू नका. जाळ्यानं झाडाची शोभा जाते असं वाटत असेल तर काडीवर जाळं गुंडाळा आणि कोळ्याला उचलून तुळशीवर किंवा कुंपणावर सोडा, मारू नका. पानांवर उड्या मारत फिरणारा, समोर मोठे डोळे असलेला बुटका कोळी दिसला तर तोही आपलाच. तो जाळं विणून वाट पाहत बसत नाही, हिंडून शिकार करतो.

कुंतीच्या शेंड्यावरची जाळी मात्र लालकोळ्याची. हा कोळ्यांच्याच कुळातला, आठ पायांचा, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नाव लालकोळी असलं तरी पुष्कळदा तो फिकट हिरवट असतो आणि अंगावर दोन काळे ठिपके असतात. पानाच्या खालच्या बाजूला बसून पेशीतलं हिरवं द्रव्य शोषतो, म्हणून वरून पांढुरके ठिपके दिसतात. पुढे ते ठिपके एकमेकांत मिसळतात, पान तांबूस-करडं होतं आणि गळतं.

खात्री करायची असेल तर उद्या सकाळी एवढं करा. पांढरा कोरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर धुळीसारखे कण पडतील. घाई न करता पाहत राहा. धूळ जागेवर पडून राहते, लालकोळी हळूहळू चालायला लागतो. बोटानं पुसलं तर कागदावर तांबूस किंवा हिरवट रेघ उमटते. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला की पायसुद्धा दिसतात. त्यात एखादा कण नारिंगी, चकचकीत आणि इतरांपेक्षा फार वेगानं पळणारा दिसला तर तो शिकारी कोळी असतो. लालकोळ्याची अंडी आणि पिल्लं हेच त्याचं खाणं. कागदावर असे पळणारे बरेच दिसले तर फवारा थांबवा, नुसतं पाणी मारा आणि त्यांना काम करू द्या.

आता उपाय. सगळे नीमतेलापासून सुरुवात करतात, मी पाण्यापासून करतो.

लालकोळ्याला कोरडी, गरम हवा आणि धूळ मानवते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे तिन्ही गोष्टी भरपूर. त्यामुळे पहिलं काम म्हणजे पानांची खालची बाजू जोरात धुणं. कुंडीचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनं झाका, खोडाशी सुतळीनं बांधा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि शेवाळ उखडणार नाही. मग कुंडी आडवी करून एका हातानं खोड धरा आणि पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबून खालून वर पाणी मारा. प्रत्येक फांदी, प्रत्येक बेचका. जाळी तुटली पाहिजे, कारण जाळीच्या आड अंडी सुरक्षित राहतात. हे दिवसाआड करा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.

शेतातल्या झाडाला हे जमत नाही. बोन्सायचं झाड हातात उचलता येतं, उलटं करता येतं, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालता येतं. ही एवढी मोठी सोय सोडून आपण बाटलीतल्या औषधामागे धावतो.

नुसत्या पाण्यानं आटोक्यात आलं नाही तर साबणाचं पाणी. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा लिंबूवाला साबण नको. कृषी केंद्रात पोटॅशियम साबण मिळतो तो घ्या, पाकिटावरच्या प्रमाणात. किंवा आपला रिठा: तीन-चार रिठे रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, लिटरभर पाणी करा. साबण अंगावर पडला तरच लालकोळी मरतो, वाळला की त्याचा असर संपतो. म्हणून पानाची खालची बाजू ओलीचिंब झाली पाहिजे. तासाभरानं साध्या पाण्यानं धुऊन टाका.

नीमतेल तिसऱ्या पायरीवर. लिटरला पाच मिली सांगतात, बोन्सायला मी तीन मिलीनं सुरुवात करतो. आधी तेल आणि साबण वाटीत एकजीव करा, त्यात थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं पांढरं करा, मग बाकीचं पाणी. वर तेलाचा तवंग दिसत असेल तर ते पाणी फवारू नका, तो तवंग पानावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी पान भाजतं. फवारा सूर्य बुडाल्यावर. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहा.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, तेल नकोच. तेव्हा पाणी आणि सावली एवढंच.

कीडशास्त्र_अकोला (१३ एप्रिल)

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी कीटकशास्त्र घेऊन शिकले, म्हणून थोडी भर घालते.

ताई, कपाशीचं उरलेलं औषध मारू नका, हा निर्णय दुसऱ्या कारणासाठीही बरोबर आहे. लालकोळी कीटक नाही, अष्टपाद आहे. कीटकांसाठीची बरीच औषधं त्याला मारत नाहीत. उलट त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या आणि शिकारी कोळी मात्र मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारल्यावर लालकोळ्याचा उद्रेक होतो, हे अनेक पिकांत दिसलेलं आहे. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतरही असं होतं. म्हणजे औषधही गेलं, मित्रही गेले आणि कीड वाढली.

दुसरं, वेळापत्रक. तीस अंशांच्या आसपास तापमान असलं की अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण आठवडा लागतो. अंडी तीनेक दिवसांत फुटतात. एक मादी आयुष्यात शंभरेक अंडी घालू शकते. नराशी संयोग न होताही ती अंडी घालते, त्यातून नर निपजतात. त्यामुळे एखादीच मादी वाऱ्यानं उडून आली तरी वस्ती उभी राहू शकते. साबण किंवा तेलाच्या फवाऱ्यातून बरीच अंडी वाचतात. एकदा फवारून "काही फरक पडला नाही" असं म्हणणाऱ्यांचं इथंच चुकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या अंतरानं सलग तीन वेळा तरी फवारा झाला पाहिजे, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं अंडी घालायच्या वयाला पोचायच्या आत सापडतात. नंतरही पंधरा दिवस कागदाची चाचणी करत राहा.

कोणतं मिश्रण चांगलं यावर आपण पुष्कळ वाद घालतो. माझ्या मते मिश्रणापेक्षा अंतर पाळणं जास्त महत्त्वाचं.

निंबोळीबद्दलही सांगते. कडुनिंबाच्या पाल्यात किडीवर चालणारं अ‍ॅझाडिरॅक्टिन कमी असतं, ते मुख्यतः बियांच्या गरात असतं. त्यामुळे पाला उकळून केलेल्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. निंबोळी अर्क करायचा तर पाच टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम वाळलेली, भरडलेली निंबोळी. रात्रभर भिजवायची, सकाळी जाड फडक्यातून दोनदा गाळायची, चमचाभर साबणाचं पाणी टाकायचं आणि त्याच दिवशी संपवायची. उन्हात त्याची ताकद लवकर उतरते, म्हणून संध्याकाळीच मारायची.

संत्राबाग_वरुड (१३ एप्रिल)

ताई, राम राम. मी वरुडचा. बोन्सायचं मले काही समजत नाही, पन लालकोळी मात्र चांगला समजते. कोळी आमच्या संत्र्यावर बी येते. फळावर बसला का सालीवर तांबूस चट्टे पडतात, आमी त्याले लाल्या म्हनतो. आतून फळ गोड असलं तरी व्यापारी भाव पाडते.

आमी पान्यात मिसळनारं गंधक मारतो, लिटरले दोन-तीन ग्रॅम. ते सेंद्रिय शेतीत बी चालते. कोनी त्याचं नाव काऊन नाही घेतलं?

कीडशास्त्र_अकोला (१३ एप्रिल)

दादा, तुमचं बरोबर आहे. गंधक लालकोळ्यावर चालतं आणि ते खनिज असल्यानं सेंद्रिय शेतीतही मान्य आहे. नाव घेतलं नाही ते फक्त महिन्यामुळे. पारा बत्तीसच्या वर असला की गंधकानं पानं भाजतात. बोन्सायला पानंच मोजकी, त्यातली निम्मी भाजली तर झाड मागं पडतं. ते थंडीत किंवा श्रावणात उघाड पडल्यावर वापरावं. दुसरी अट: गंधक आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. पाठोपाठ मारलं तर पानं होरपळतात. ज्यांनी या आठवड्यात नीमतेल मारलं असेल त्यांनी गंधकाला हात लावू नये.

संत्राबाग_वरुड (१३ एप्रिल)

बरोबर हाय बाई. आमी बी भर उन्हात नाही मारत. ताई, एक गोष्ट पाहा, तुमच्या घराजवळ भेंडी, वांगे, नाहीतर झेंडू हाय का? त्यावरून येते तो. पीक सुकलं का उपाशी राहते, मंग धागा सोडते अन् हवेवर उडून दुसरीकडं जाते.

दारव्ह्याची_माती (१३ एप्रिल, रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी कागद धरून पाहिला. पिंपळाखाली मोजकेच, पण कुंतीखाली कागदभर कण चालायला लागले. पुसल्यावर तांबूस रेघ आली. नारिंगी पळणारा एकही नाही.

वरुडच्या दादांनी अगदी नेमकं ओळखलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची भेंडी आहे, तोडे संपले आहेत, झाडं तशीच वाळत उभी आहेत. त्यांच्याशी बोलले, ते दोन दिवसांत उपटणार आहेत.

एक विचारायचं होतं. वड आणि पिंपळाची सगळी पानं काढून टाकली तर चालेल का? बोन्सायवाले पानं लहान करायला तसं करतात असं ऐकलं आहे.

वडाचीपारंबी (१४ एप्रिल)

चांगला प्रश्न. लालकोळी आणि त्याची अंडी जवळजवळ सगळी पानांवरच असतात, त्यामुळे पानं काढली की वस्तीचा मोठा भाग एका फटक्यात जातो. वड, पिंपळ, उंबर ही झाडं सशक्त असतील तर सगळी पानं काढणं सोसतात आणि नवी पालवी आणतात. पण तीन गोष्टी पाहा. झाड गेल्या वर्षभरात नव्या कुंडीत बदललं असेल तर नको. शेंड्याला टपोरे, हिरवे कोंब दिसत नसतील तर नको. आणि पानं देठासकट ओढू नका, कात्रीनं कापून देठाचा तुकडा झाडावर ठेवा, तो आपोआप गळतो. ओढलं तर देठाच्या बगलेतला डोळा निघून येतो. चीक हाताला लागेल, डोळ्याला हात लावू नका.

पानं काढली की पाणी कमी करा. पानंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कुठून? याच काळात रोजच्या सवयीनं पाणी घालत राहिलं तर मुळं कुजतात.

कुंतीला हे करू नका. तिला इतका मोठा झटका सोसत नाही. तिची फक्त सगळ्यात खराब पानं काढा. कापलेली पानं खताच्या खड्ड्यात नको, पिशवीत बांधून उन्हात ठेवा आणि नंतर जाळून टाका.

खारपाण (१४ एप्रिल)

दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण फुटतो, दह्यासारखे कण होतात आणि पंपाचं नोझल बंद पडतं. नीमतेलही नीट मिसळत नाही. या पाण्यानं झाडं धुवायची म्हटली तर पानांवर पांढरे डाग राहतात. आमच्यासारख्यांनी काय करावं?

वडाचीपारंबी (१४ एप्रिल)

तुमच्यासाठी रिठाच चांगला. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो तसा रिठ्याचा होत नाही. फवाऱ्याला लागतं लिटर-दोन लिटर पाणी, तेवढं पिण्याच्या गाळलेल्या पाण्यातलं घ्या. पानं धुवायला बोअरचं पाणी वापरलंत तरी चालेल, पण शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा.

खाऱ्या पाण्यानं पानांची टोकंही जळतात आणि बरेच लोक त्याला लालकोळी समजतात. फरक सोपा आहे. क्षारानं पान टोकाकडून आणि कडेकडून जळत येतं, मधला भाग हिरवा राहतो. लालकोळ्यानं पानभर ठिपके पडतात, मुख्य शिरेच्या आजूबाजूला जास्त. पावसाळ्यात ड्रमभर पाणी साठवून ठेवता आलं तर खारपाणपट्ट्यातल्या बोन्सायसाठी त्याच्यासारखं दुसरं औषध नाही.

शेताच्याबांधावरून (१५ एप्रिल)

आमच्या गावात जुने लोक तंबाखूचा काढा मारायचे. गोमूत्र, लसूण-मिरची, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा आंबवलेला अर्क), हेही आहेतच. नैसर्गिकच पाहिजे तर हे का नको? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी निमास्त्र, अग्निअस्त्र असे घरगुती अर्क सांगितले, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. घरच्या घरी, फुकटात होतं.

कीडशास्त्र_अकोला (१५ एप्रिल)

तुमच्या प्रत्येक उपायाबद्दल वेगवेगळं सांगावं लागेल.

तंबाखूचा काढा नको, हे मी कळकळीनं सांगते. निकोटीन जहाल विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. झाडातून निघालं म्हणून ते सौम्य होत नाही. लालकोळ्यावर त्याचा फारसा उपयोगही नाही. ज्या अंगणात लेकरं आहेत तिथं तर विचारच नको.

दशपर्णी शेतासाठी ठीक आहे. पण त्यात धोतरा, रुई, कण्हेर यांसारखा पाला पडतो. धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. महिनाभर आंबवलेला दोनशे लिटरचा ड्रम चार कुंड्यांसाठी कशाला करायचा? शेतात केलेला असेल तर त्यातला थोडा घ्या, भरपूर पातळ करा, हातमोजे आणि चष्मा लावा.

गोमूत्रात क्षार असतात. शेतात पाऊस ते धुऊन नेतो, बोन्सायच्या ट्रेमध्ये मूठभर माती असते, तिथं ते साचतात. वापरायचंच तर वीस भाग पाण्यात एक भाग आणि कुंडी झाकून. खारपाणपट्ट्यात तेही नको.

निमास्त्र पाल्याचं असतं, त्यामुळे निंबोळीपेक्षा सौम्य. लसूण-मिरचीनं काही किडी दूर राहतात, पण आधीच जाळी धरलेल्या लालकोळ्याचा बंदोबस्त तेवढ्यानं होत नाही. ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं, पण त्याच्या भरवशावर पाण्यानं धुणं थांबवू नये.

शेताच्याबांधावरून (१५ एप्रिल)

तंबाखूचं पटलं ताई. आमच्या आजोबांना काढा ढवळता ढवळता गरगरायचं, त्याचं कारण आज कळलं.

ब्रह्मपुरीकर (१६ एप्रिल)

ब्रह्मपुरीच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. माझ्याकडे जेड आणि एक ज्युनिपर आहे, ज्युनिपर बाहेरगावच्या एका नर्सरीतून आणलं. ते आतून तपकिरी पडत चाललं आहे. जेडवर साबण मारावा का? आणि ज्युनिपर कुलर असलेल्या खोलीत आणून ठेवलं तर दमट हवेनं लालकोळी कमी होईल का?

वडाचीपारंबी (१६ एप्रिल)

जेडवर साबण आणि तेल दोन्ही जपून. तिच्या पानावर मेणासारखा थर असतो, साबणानं तो निघतो आणि पान डागाळतं. तिला नुसतं पाणी मारा, तेही कुंडीची माती झाकून. जेडला ओली माती मानवत नाही.

ज्युनिपरला खोलीत नेऊ नका. त्याला मोकळी हवा आणि सकाळचं ऊन लागतं, खोलीतल्या अंधारात ते आणखी खचतं. पूर्वेच्या बाजूला, दुपारी सावली येईल अशा जागी, हिरव्या शेडनेटखाली ठेवा. कुलर ज्या बाजूनं हवा ओढतो तिथं ठेवू नका, बाहेरची कोरडी हवा आणि धूळ झाडावरूनच ओढली जाते. झाडाभोवती दमटपणा हवा असेल तर पसरट ट्रेमध्ये वाळू भरून ती ओली ठेवा आणि कुंडी विटेवर, वाळूच्या वर ठेवा. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये.

ज्युनिपरवर लालकोळी फार लपून बसतो, कारण सुयांच्या गर्दीत ठिपके दिसत नाहीत. जेव्हा तपकिरी रंग दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कागदाची चाचणी आजच करा. आतल्या वाळलेल्या काड्या आणि कचरा चिमट्यानं साफ करा म्हणजे पाणी आतपर्यंत पोचेल. आणि खरं सांगायचं तर ज्युनिपर थंड हवेचं झाड. विदर्भात त्याला मेमध्ये जगवणं म्हणजे रोजची राखण. आपल्या मातीतले वड, पिंपरी, चिंच, करवंद, विलायती चिंच काय सुंदर बोन्साय होतात! नवीन झाड घेणाऱ्यांना मी आधी तेच सांगतो.

नर्सरीतून आणलेलं कोणतंही झाड दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. हा नियम सगळ्यांसाठीच.

नवी_कुंडी (१८ एप्रिल)

माझ्या फायकसचं जरा वेगळं आहे. पानं मधल्या शिरेवर दुमडून पाकिटासारखी मिटली आहेत आणि उघडलं तर आत बारीक काळे लांबट किडे. हा पण लालकोळीच का?

कीडशास्त्र_अकोला (१८ एप्रिल)

नाही, ते फुलकिडे आहेत, म्हणजे थ्रिप्स. फायकसच्या कोवळ्या पानावर ते रस शोषतात आणि पान मिटतं. मिटलेल्या पानात फवारा पोचत नाही, त्यामुळे कोणतंही पाणी मारून उपयोग नाही. पानं जशी दिसतील तशी तोडा, लगेच पिशवीत बांधा. नवी पालवी फुटत असताना रोज नजर ठेवा, तेव्हाच ते येतात. पालवीवर हलका रिठा मारला तर चालेल.

आणि कुंडीच्या मातीवर, ओल्या शेवाळात जे तपकिरी, गोलसर, हळू चालणारे जीव दिसतात त्यांना घाबरू नका. ते कुजलेला पाला खाणारे मातीतले कोळी आहेत, झाडाला काही करत नाहीत. लोक त्यांना मारायला मातीत औषध ओततात आणि मुळांचं नुकसान होतं.

दारव्ह्याची_माती (३० एप्रिल)

मंडळी, आज सांगण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

शेजाऱ्यांची भेंडी निघाली. कुंती दिवसाआड धुतली आणि चार-पाच दिवसांच्या अंतरानं रिठ्याचं पाणी मारलं. नीमतेल एकदाच, तेही एका फांदीवर पाहून. आज कागदावर फक्त दोन कण चालले. जुनी पानं पांढुरकी आहेत ती तशीच राहणार असं दिसतं, पण शेंड्याची नवी पानं स्वच्छ, गडद हिरवी आहेत.

पिंपळाची पानं कात्रीनं काढली. आता तांबूस पालवी आली आहे, इतकी कोवळी की पलीकडचा उजेड दिसतो. वडाला मी हात लावला नाही. पारंब्यांमधल्या कोळ्यानं जाळं थोडं वर सरकवलं आहे. लेकरं सकाळी उठून आधी ते पाहायला जातात, कालची माशी आज आहे का म्हणून.

एका गोष्टीचं कोडं आहे. कुंतीच्या पानाखाली मोहरीच्या दाण्याहून बारीक, काळा, चकचकीत, गोल भुंगा दिसला. त्याला काढू का?

कीडशास्त्र_अकोला (३० एप्रिल)

ताई, काढू नका! फोटो टाकता आला तर टाका, पण वर्णनावरून तो लालकोळी खाणारा छोटा काळा ढालकिडा असावा. तो आणि त्याची अळी दोन्ही लालकोळ्याच्या अंड्यांवर जगतात. तो आपणहून आला ही या धाग्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. आता रिठा थांबवा, फक्त पाणी, तेही हलक्या हातानं, म्हणजे त्याची अंडी वाहून जाणार नाहीत.

जुन्या पानांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ज्या पेशी रिकाम्या झाल्या त्या परत हिरव्या होत नाहीत. उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानांवरूनच ठरवायचं.

संत्राबाग_वरुड (१ मे)

लय बेस झालं ताई. आता नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) यायच्या आधी झाडायवर शेडनेट टाका. अन् युरिया नोका देऊ एवढ्यात. नत्र जास्त झालं का पान लुसलुशीत होते अन् लालकोळ्याले तेच पाह्यजे. मृगाचा चांगला पाऊस पडला का त्याचा जोर आपोआप मोडते, मंग खताचं पाहा.

दारव्ह्याची_माती (१ मे)

दादा, युरियाचं लक्षात ठेवते. शेणखतही पावसानंतरच देईन.

यंदा दारातल्या निंबोळ्या गोळा करून ठेवायच्या आहेत, पुढच्या उन्हाळ्यासाठी. कशा साठवायच्या? मागे पोत्यात भरून ठेवल्या तर बुरशी येते असं आईच्या गावी पाहिलं आहे.

वडाचीपारंबी (२ मे)

पिवळ्या, पिकून पडलेल्या निंबोळ्या घ्या, हिरव्या नको. जून-जुलैत रोज सकाळी झाडाखाली जुनं लुगडं किंवा ताडपत्री अंथरा, म्हणजे मातीत मिसळणार नाहीत. पडल्या त्याच दिवशी पाण्यात चोळून वरचा गर काढून टाका. गर राहिला की बुरशी तिथूनच सुरू होते. मग सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून वाळवा, कडक उन्हात नको. हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं की वाळली समजा. कापडी पिशवीत किंवा बारदान्यात भरून कोरड्या जागी टांगा, प्लॅस्टिकच्या पोत्यात दमट होतात. फोडायच्या त्या फवारायच्या आदल्या दिवशीच, भरडून ठेवलेल्या पावडरीचा जोर लवकर जातो. एका हंगामापेक्षा जास्त जुनी निंबोळी वापरू नका.

खारपाण (२ मे)

दादा, आमच्याकडे कडुनिंब भरपूर आहे, पण पाऊस उशिरा आला तर निंबोळ्या धुवायलाच गोडं पाणी नसतं. बोअरच्या पाण्यात चोळल्या तर चालतील ना?

वडाचीपारंबी (२ मे)

चालतील. धुतल्यावर लगेच पसरा, पाण्यात भिजत ठेवू नका.